गळ टाकणारा चक्रवर्ती

पावसाळा सरून गिरणेचे गढूळ पाणी निवळू लागले, म्हणजे लोहोणेरच्या बाजूस नदीकाठी एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. पाण्याच्या ओढीपासून अलग पडलेल्या एखाद्या संथ डोहापाशी दोनचार मुले बांबूच्या काठ्या घेऊन बसलेली असतात. काठीच्या शेवटास दोरा, दोऱ्यास गळ, गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी. आणि दोऱ्याच्या मध्यावर बांधलेला मोरपिसाचा देठ पाण्यावर उभा डुलत असतो. घटका घटका कोणी बोलत नाही. एकदा तो देठ थरथरतो, पुन्हा स्थिर होतो, आणि मग एकाएकी बुडतो; त्या क्षणी काठी किती वेगाने व कोणत्या दिशेस उचलावी हे ज्यास कळले त्याच्याच हाती मासा लागतो.

या विद्येस उनाडकी यापलीकडे काही नाव द्यावे असे आपल्याकडील वडील मंडळींस सहसा वाटत नाही. आणि परीक्षा तोंडावर आली असता मुलगा नदीवर सापडला, तर घरी त्याची जी संभावना होते तीबद्दल आम्हांस तक्रार करावयाची नाही. परंतु सुमारे नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या फार मोठ्या प्रदेशावर ज्याचे छत्र होते असा एक चक्रवर्ती राजा या विद्येवर एक सबंध अध्याय लिहून गेला आहे, ही गोष्ट मुलांस व त्यांच्या पालकांसही ठाऊक असावी. कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर नावाचा हा तिसरा राजा होय. भूलोकमल्ल हे त्याचे बिरुद होते, आणि विद्वान लोक त्यास सर्वज्ञ या पदवीने ओळखीत. इतिहासकारांनी मात्र त्यास फारसे मोठे स्थान दिलेले नाही. ते योग्य की अयोग्य, याचाही थोडा विचार त्याच्या चरित्राच्या ओघात करण्याचा आमचा हेतू आहे.

कल्याणी म्हणजे हल्लीचे बसवकल्याण. ते कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेस लागूनच आहे, आणि तेथे कानडी व मराठी या दोन्ही भाषा कानावर पडतात. सोमेश्वराचा आजा पहिला सोमेश्वर याने मान्यखेट सोडून येथे राजधानी वसविली. देवळ्याच्या वाचकास हे नगर फार दूरचे वाटेल. परंतु त्या काळी आपला मुलूख त्या राज्याशी अगदीच असंबद्ध नव्हता. आपल्या शेजारचे चांदवड हेच यादवांचे आद्य ठाणे चंद्रादित्यपूर होय, असे संशोधक मानतात. पुढे त्यांची गादी सिन्नरास गेली. देवगिरीचे वैभव अद्याप उगवावयाचे होते. सेउण या नावाने ओळखले जाणारे हे यादव तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. अंजनेरी येथील जैन मंदिरात सेउणचंद्र राजाचा इ. स. ११४२ चा शिलालेख आहे. तो आमच्या चरित्रनायकाच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांचा आहे. सारांश, आपल्या डोंगरांखालच्या या खोऱ्यात जे लोक तेव्हा नांगर धरीत वा जाळे टाकीत, त्यांच्या राजाचा राजा कल्याणीस बसत होता.

सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य हा या वंशातील सर्वांत प्रतापी पुरुष. तो १०७६ साली गादीवर बसला, शककाल बाजूस सारून त्याने आपल्या नावाचा नवा संवत्सर सुरू केला, आणि पन्नास वर्षे राज्य केले. काश्मीराहून आलेल्या बिल्हण कवीने त्याचे चरित्र काव्यबद्ध केले. मिताक्षरा हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ, जो पुढे कित्येक शतके हिंदुस्थानातील न्यायसभांत प्रमाण मानला गेला, तो त्याच्याच पदरी असलेल्या विज्ञानेश्वराने रचला. विक्रमादित्याची राणी चंद्रलेखा ही कऱ्हाडच्या शिलाहार राजाची कन्या होती. तिच्या स्वयंवराचे वर्णन बिल्हणाने मोठ्या हौसेने केले आहे. ज्या घरात एका दालनात सेनापती व दुसऱ्यात कवी वाट पाहत बसलेले असत, अशा घरात सोमेश्वर लहानाचा मोठा झाला. पित्यावर त्याची अपार भक्ती होती. त्याने पित्याचे चरित्र स्वतः लिहावयास घेतले. विक्रमांकाभ्युदय हे त्याचे नाव. ते अपूर्ण स्थितीत उपलब्ध आहे.

इ. स. ११२६ साली विक्रमादित्य निवर्तला आणि सोमेश्वर सिंहासनावर बसला. पित्याने अर्धे शतक राज्य केल्यावर ज्यास गादी मिळाली, तो काही कोवळा कुमार नसावा. थोर पित्याच्या मागून येणाऱ्याची स्थिती नेहमीच अवघड असते. जे मांडलिक विक्रमादित्याच्या धाकाने वाकून होते, ते आता मान वर करून पाहू लागले. त्यांत दक्षिणेकडील होयसळ विष्णुवर्धन हा सर्वांत महत्त्वाकांक्षी. त्याने विक्रमादित्याच्या हयातीतच एकदा डोके वर काढले होते आणि त्यास नमावे लागले होते. सोमेश्वराच्या वेळी तो नावाने मांडलिक पण कृतीने स्वतंत्र होऊ लागला आणि पुढे पुढे सरकू लागला. पूर्वेकडे गोदावरीच्या मुखाजवळचा वेंगीचा संपन्न प्रांत पुन्हा चोळांच्या हाती गेला. राज्य मोडले नाही, पण त्याचे काठ झिजू लागले. या बारा वर्षांत सोमेश्वराने पित्यासारखी दिग्विजयाची मोहीम केल्याचे दिसत नाही. याच बारा वर्षांत त्याने जे केले त्यामुळे मात्र आज त्याचे नाव निघते: त्याने एक ग्रंथ रचला.

त्या ग्रंथाचे नाव मानसोल्लास. अभिलषितार्थचिंतामणि असेही त्यास म्हणतात. तो संस्कृतात असून त्यात सुमारे आठ हजार श्लोक आहेत, आणि त्याचा काळ इ. स. ११२९ हा धरतात. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय, म्हणून त्या भागांस विंशती म्हटले आहे. राज्य कसे मिळवावे हे पहिल्या विंशतीत, ते स्थिर कसे करावे हे दुसरीत, राजाने कोणते उपभोग घ्यावे हे तिसरीत, विनोद म्हणजे करमणुकी चौथीत आणि खेळ पाचवीत. हत्तींची परीक्षा, रत्नांची पारख, चित्रे काढण्याच्या भिंतीस लेप कसा द्यावा, पर्जन्याचे अनुमान, वाद्ये, नृत्य, कोंबड्यांची व रेड्यांची झुंज, शिकारी कुत्री, बहिरी ससाणा, काय म्हणून त्यात नाही! स्वयंपाकाच्या अध्यायात धोसक व इडरिका यांचे वर्णन आहे. हे डोसा व इडली यांचे पूर्वज, असे सांगितले तर आमचे बालवाचक त्या राजाविषयी एकदम आदर बाळगू लागतील. गायनाच्या अध्यायात निरनिराळ्या देशभाषांतील गीतांचे नमुने दिले असून त्यांत मराठीही आहे, आणि महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, याची नोंद राजाने केली आहे. ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट आहे. उखळापाशी घाम गाळणाऱ्या बायकांच्या मुखातील गाणे चक्रवर्तीच्या ग्रंथात येऊन बसले, यावरून त्या राजाचा कान कोठवर पोहोचत होता हे दिसते.

आता ज्या अध्यायासाठी आम्ही हे चरित्र हाती घेतले त्याकडे वळू. चौथ्या विंशतीतील चौदावा अध्याय मत्स्यविनोद नावाचा आहे. त्याच्या आधी ससाण्याचा अध्याय आहे व नंतर मृगयेचा. म्हणजे गळाने मासे धरणे ही राजाच्या दृष्टीने शिकारीच्याच पंक्तीतील विद्या होती. परंतु तिचे वर्णन तो निराळ्या रीतीने करतो. सुमारे पस्तीस प्रकारचे मासे तो नावे घेऊन सांगतो. त्यांतले समुद्रातले कोणते व नद्यांतले कोणते. खवले असलेले कोणते व नसलेले कोणते. मोठे, मध्यम व लहान कोणते. कोण खोल पाण्यात राहतो व कोण कोठे चरतो, असा विभाग करून तो प्रत्येकाची राहणी सांगतो. मग त्यांचा आहार येतो. धान्याचे पीठ, शिजलेला भात, तिळाची पेंड, मांस अशा निरनिराळ्या पदार्थांचे गोळे करून कोणत्या माशास काय घालावे, हे सांगितले आहे. त्यानंतर काठी, दोरी, गळ व आमिष यांचे विवरण येते, आणि शेवटी मासा लागल्यावर त्यास कसे ओढावे हा भाग येतो.

हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या मुलांचा क्रम याच्या नेमका उलट असतो. ती आधी गळ मिळवितात, मग काठी शोधतात, मग हाताशी येईल ते आमिष लावतात, आणि मासा कोणता आहे हे तो बाहेर आल्यावर पाहतात. राजाने आधी मासा ओळखला, मग त्याचे घर पाहिले, मग त्याची आवड पाहिली, मग त्यास खाऊ घातले; गळ सर्वांत मागाहून आला. माशास आधी खाऊ घालण्याची ही रीत अजून जगभर चालते. तीत पुष्कळ धूर्तपणा आहे हे खरे, पण तितकेच निरीक्षणही आहे. कोणत्या पिठाकडे कोणता मासा येतो हे सिंहासनावर बसून कळत नाही. त्यासाठी कोणीतरी पहाटे पाण्याकाठी बसले पाहिजे, आणि अनेक वर्षे बसले पाहिजे.

तो कोणीतरी कोण होता? राजा स्वतः गळ टाकीत असला तरी पस्तीस जातींची राहणी एकट्या राजाने पाहिली असेल, असे आम्हांस वाटत नाही. समुद्र कल्याणीपासून पुष्कळ दूर आहे. तेथील माशांची माहिती त्यास कोणा किनाऱ्यावरच्या माणसाकडूनच कळली असली पाहिजे. नदीचे मासे त्यास कोळी व भोई यांनी दाखविले असणार. ज्यास सभेत सर्वज्ञ म्हणत, त्यास पाण्याकाठी अक्षरशत्रू माणसाजवळ बसून विचारावे लागले असणार की या माशास काय म्हणतात आणि हा कोठे राहतो. त्या माणसांपैकी एकाचेही नाव ग्रंथात नाही. त्या काळचा रिवाज तसा होता, असे म्हणून आम्ही ही गोष्ट सोडून देऊ शकलो असतो. पण मनास ती लागून राहते.

गळाच्या विद्येचा दुसरा एक मोठा प्रवाह युरोपात वाहत आला, त्याच्याशी ताडून पाहिल्यास सोमेश्वराच्या अध्यायाचा विशेष ध्यानात येतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस व तिसऱ्याच्या आरंभी होऊन गेलेल्या एलियन नावाच्या ग्रंथकाराने मासेदोनियातील एका नदीवरील कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते गळास तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची पिसे बांधीत आणि पाण्यावर उडणाऱ्या माशीची हुबेहूब नक्कल करीत. खरी माशी हाती धरली की तिचा रंग उतरतो व पंख मोडतात, म्हणून ही युक्ती. पुढे इंग्लंडात या कलेस फार मान मिळाला. तेथे वजन आमिषात नसते, दोरीत असते. काठी मागेपुढे हलवून दोरी हवेत उलगडावयाची, आणि तिच्या टोकाशी असलेली पिसाची माशी अलगद पाण्यावर उतरवावयाची. ती पडल्याचा आवाज झाला की खेळ संपला. मासा माशीस भुलतो, एवढीच काय ती गोष्ट, पण ती साधण्यास पुष्कळांस अर्धे आयुष्य लागते. लंडनचा व्यापारी आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली गळाच्या विद्येवर जे पुस्तक प्रसिद्ध केले ते इंग्रजी वाङ्मयात अजरामर झाले. १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने पिसाच्या माशीचा भाग जोडला. वॉल्टन हा भाविक ख्रिस्ती गृहस्थ होता, आणि डन व हर्बर्ट या कवि-उपदेशकांची चरित्रेही त्याने लिहिली आहेत. त्याच्या देशात तेव्हा यादवी युद्ध होऊन गेले होते, राजाचा शिरच्छेद झाला होता, आणि हा गृहस्थ ओढ्याकाठी बसून माशांविषयी लिहीत होता.

सोमेश्वराच्या अध्यायात पीठ, पेंड व मांस आहे. याचे कारण आम्ही राजाच्या अज्ञानात शोधत नाही. ते पाण्यात आहे. इंग्लंडातील ट्राउट हा थंड व खळाळत्या पाण्याचा मासा. प्रवाहावरून वाहत येणारे कीटक तो टपून घेतो, म्हणून त्यास पिसाची माशी भूल घालते. आपले तलाव उथळ, उबदार व संथ. पाणी जितके ऊन तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी मासे खोल सावलीस निपचित राहतात आणि पहाटे व दिवस कलल्यावर चरतात. शिवाय आपल्या पुष्कळ माशांचे तोंड खालच्या बाजूस वळलेले असते. ते तळाचे शेवाळ व गाळ चरतात, आणि पृष्ठभागावर काय चालले आहे याची त्यांस पर्वा नसते. त्यांस पिठाचा गोळाच बोलावू शकतो. मरळ मात्र हवा घेण्यास वर येते व बेडकावर झडप घालते. लहान चंदेरी अळकूट संध्याकाळी पाण्यावरचे चिलट उडी मारून टिपतात. महासीर तर खळाळत्या पाण्यात लहान मासा, फळ, किडा यांपैकी काहीही वर्ज्य मानीत नाही. हेन्री सलिव्हन टॉमस नावाच्या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, तेव्हा विलायती माशी आपल्या नद्यांतील मासेही घेतात हे त्याने दाखवून दिले. तेव्हा ज्या विद्यार्थ्यास हौस असेल त्याने सुट्टीच्या दिवशी चणकापूर धरणाच्या पाण्यावर कोंबड्याच्या पिसाचा प्रयोग करून पाहावा. मात्र पोहता येणारे वडील माणूस बरोबर असावे, आणि तेथील मासेमारीचा हक्क ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी आधी घ्यावी.

येथे एक गोष्ट सहज आठवते. शुभवर्तमानात कोळ्यांचे वर्णन पुष्कळ ठिकाणी आहे, परंतु ते बहुतेक सर्वत्र जाळ्यांचे आहे. गळाचा उल्लेख एकाच ठिकाणी सापडतो. मंदिराचा कर मागणारे आले असता प्रभूने पेत्रास सरोवरावर जाऊन गळ टाकावयास सांगितले, आणि पहिल्याने वर येणाऱ्या माशाच्या तोंडी जे नाणे मिळेल ते दोघांच्या करासाठी देण्याची आज्ञा केली. मत्तयाने ही हकीकत दिली आहे. गालीलाचे सरोवरही आपल्या तलावांसारखे उबदार, गोड्या पाण्याचे आहे. तेथे ज्यास पेत्राचा मासा म्हणून प्रवाशांस वाढतात, त्याचा एक आफ्रिकेतील भाऊबंद १९५२ साली हिंदुस्थानात आणला गेला आणि आता आपल्या बाजारात चिलापी या नावाने सर्वत्र दिसतो. सोमेश्वराच्या पस्तीसांत तो असणे शक्यच नाही. पाहुणा म्हणून आला आणि घरचाच होऊन बसला. कित्येक तलावांत त्याने घरच्यांस अडचणीतही टाकले आहे.

असो. राजाच्या चरित्रात एक विसंगती आहे, ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ग्रंथाच्या पहिल्या विंशतीत हाच राजा सांगतो की असत्य टाळावे, परद्रोह टाळावा, दीन, अनाथ व आर्त यांचे पोषण करावे, शरण आलेल्याचे रक्षण करावे. तीन विंशती पुढे गेल्यावर तोच, भाकर देऊन बोलावलेल्या जिवास गळ कसा लावावा हे शिकवितो. त्याच्या राज्यात जैन साधू होते, त्यांस हे रुचले नसेल. राजाने जो मासा धरला तो वाया जात नसे, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. स्वयंपाकाच्या अध्यायात मासा कसा साफ करावा व शिजवावा हेही आहे. परंतु विनोद या शब्दाचा अर्थ भूक असा होत नाही. आम्ही या बाबतीत राजाची वकिली करीत नाही. एवढेच म्हणतो की प्राण्यांविषयी ज्यास कुतूहल आहे आणि ज्यास त्यांच्या शिकारीची चटक आहे, अशी दोन माणसे एकाच देहात राहू शकतात. आपल्याकडील पक्ष्यांचे व माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन करणारे युरोपीय लोकही बहुधा हाती बंदूक नाहीतर गळ घेतलेलेच होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राज्याचे काठ झिजत असता राजा शंभर अध्याय लिहीत बसला, त्यांत करमणुकींचे व खेळांचे मिळून चाळीस, हे कर्तव्यास सोडून होते की नाही? इतिहासकार त्यास शांतिप्रिय म्हणतात, आणि त्या शब्दात कधी स्तुती असते व कधी दोष. आमचे मत असे की हा आक्षेप अर्धा खरा आहे. विष्णुवर्धनास वेळीच आवरले असते, तर पुढच्या पिढीचे काम सोपे झाले असते. सोमेश्वर ११३८ साली वारला. मुलगा दुसरा जगदेकमल्ल याने बापाहून नेटाने राज्य राखले. पण त्याच्यानंतर दुर्बळ तैलप आला, ११५७ च्या सुमारास कलचुरी बिज्जळाने कल्याणीचे सिंहासन बळकाविले, आणि शतक संपता संपता चालुक्यांचे साम्राज्य यादव व होयसळ या त्यांच्याच मांडलिकांनी वाटून घेतले. बिज्जळाच्याच काळात कल्याणीत बसवेश्वरांनी आपले कार्य केले, आणि त्यांच्याच नावाने आज ते नगर ओळखले जाते. राजांच्या नावाने नव्हे. तथापि आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग आम्हांस पटत नाही. विक्रमादित्याने जिंकलेली वेंगी पन्नास वर्षेही टिकली नाही. ती पुन्हा जिंकून सोमेश्वराने आणखी दहा वर्षे राखली असती, तर पाठ्यपुस्तकात एक ओळ वाढली असती. कांडणाच्या ओव्या, इडरिका आणि पस्तीस मासे यांची नोंद मात्र दुसऱ्या कोणी केली नसती.

ती नोंद आपल्यापर्यंत पोहोचली तीही थोडक्यात. ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती निरनिराळ्या ठिकाणी विखुरल्या होत्या. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी त्या ताडून ग्रंथ छापविला. पहिला भाग १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली निघाला. मत्स्यविनोद दुसऱ्या भागात आहे. तो हाती येताच मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचे तिकडे लक्ष गेले, आणि १९५१ साली त्यांनी या अध्यायावर निबंध प्रसिद्ध करून राजाचे मासे व आजचे मासे यांची ओळख पटविण्याचा प्रयत्न केला. रोहित, पाठीन यांसारखी नावे जुन्या संस्कृत ग्रंथांतूनही आढळतात, म्हणून ती सोपी. बाकीच्यांतील कित्येक नावे कोणत्याही कोशात नीट लागत नाहीत. ती कल्याणीच्या आसपासच्या कोळ्यांच्या तोंडची असावीत, असे आम्हांस वाटते. ती बोलणारी माणसे गेली तशी नावेही गेली.

राजानंतर सातशे वर्षांनी हेच काम दख्खनात पुन्हा एकाने केले. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ पासून १८३१ पर्यंत या प्रदेशाची माहिती गोळा करीत हिंडला, आणि भीमा, मुळा-मुठा वगैरे नद्यांतील मासे त्याने कोळ्यांकडून मिळविले, चितारून घेतले व विलायतेत नेऊन प्रसिद्ध केले. त्याने एक चांगली गोष्ट केली. नव्या माशांस शास्त्रीय नाव देताना कित्येकदा कोळ्यांच्या तोंडचे मराठी नावच त्याने लॅटिन नावाच्या जोडीस बसविले. खुद्री, कोळस, शिंगटी, नकटा, अळकूट ही नावे त्यामुळे आज जगातील सर्व मत्स्यशास्त्रज्ञांच्या यादीत आहेत, आणि नकटा म्हणजे काय हे त्यांतील फारच थोड्यांस ठाऊक असेल.

गिरणेच्या माशांची अशी यादी आमच्या पाहण्यात नाही. लोहोणेर, ठेंगोडा व कळवणच्या बाजूस जे वृद्ध भोई व कोळी अद्याप जाळे विणतात, त्यांना कोणत्या माशास काय म्हणतात, तो कोणत्या डोहात राहतो, कोणत्या महिन्यात दिसतो आणि कशावर येतो हे विचारून आमच्या विद्यार्थ्यांनी लिहून आणावे. पुढील वर्षीच्या अंकात ती यादी छापण्यास आम्ही दोन पाने राखून ठेवीत आहोत. आणि ज्याने जे नाव सांगितले, त्या सांगणाऱ्याचे नाव, त्याची संमती असल्यास, त्या माशाच्या शेजारी छापले जाईल.